फ्रेंच जहाजं सरस होती, मग समुद्र इंग्रजांचा कसा झाला?

तांडेल

शिडाच्या युगातल्या आरमारांचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "जहाजं फ्रेंचांची चांगली, माणसं इंग्रजांची." मला हे पटत नाही. चांगलं जहाज म्हणजे नेमकं कशासाठी चांगलं, हे त्यात कुठेच येत नाही. माझं मत मांडतो, खुशाल तुटून पडा: १७४० ते १८०५ या काळात आराखड्यामुळे फार थोडं ठरलं. बाकी सगळं गोदीत आणि कोठारात ठरलं. जे आरमार वर्षातले जास्त महिने पाण्यावर काढू शकलं, ते जिंकलं.

आराखड्याचं आधी उरकून घेऊ. ७४ तोफांचं दुमजली जहाज फ्रेंचांनी घडवलं, हे खरं. मे १७४७ मध्ये फिनिस्टेअर भूशिराजवळ 'इन्व्हिन्सिबल' इंग्रजांच्या हाती लागलं. पुढच्या बारा ते सतरा वर्षांत त्याच्यावर बेतलेली 'व्हॅलियंट' आणि 'ट्रायम्फ' त्यांच्या गोदीत उभी राहिली. पकडलेल्या जहाजाची मापं घेतली की गुपित संपलं.

दुसरं असं की फ्रेंच ७४ तोफी साधारण ५६ मीटर लांब, इंग्रजी ५१-५२ मीटर. लांब जहाज वेगाने पळतं, पण त्याची किंमत मोजावी लागते. जहाजाची दोन्ही टोकं निमुळती असतात, त्यामुळे पाणी त्यांना मध्यापेक्षा कमी उचलून धरतं आणि तोफांचं वजन मात्र टोकांनाही असतंच. वर्षानुवर्षं टोकं खाली लोंबतात, मधला कणा वर फुगतो, सांधे सैल होतात, फटींतून पाणी येतं. लांब आणि हलक्या बांधणीच्या जहाजात हे लवकर होतं. पकडलेली फ्रेंच जहाजं सारखी दुरुस्तीला येतात, ही इंग्रज गोदीवाल्यांची नेहमीची कुरकुर होती. फ्रेंचांना त्याचा त्रास कमी, कारण त्यांची जहाजं मोहिमेपुरती बाहेर पडून परत बंदरात येत.

इंग्रजांचं काम वेगळं होतं. १७५९ मध्ये इंग्रज दर्यासारंग हॉकने फ्रेंचांच्या ब्रेस्ट बंदरापुढे उन्हाळ्यापासून नोव्हेंबरपर्यंत ठाण मांडलं. जिवंत गुरं, भाजीपाला, बिअर हे सगळं इंग्लंडहून जहाजांनी त्याच्याकडे जात राहिलं. आरमारी डॉक्टर जेम्स लिंडने नोंदवलं आहे की त्या ताफ्यातल्या १४,००० माणसांत आजारी वीसही नव्हते. २० नोव्हेंबरला वादळात हॉक फ्रेंच सेनापती काँफ्लांच्या मागे क्विबेरॉनच्या उपसागरात खडकांत घुसला तो या माणसांच्या जिवावर. 'तेझे' हे फ्रेंच ७४ तोफी त्या दिवशी कसं बुडालं बघा. खवळलेल्या समुद्रात खालच्या मजल्याच्या तोफांच्या खिडक्या उघडल्या आणि पाणी आत आलं. आराखडा उत्तमच होता की!

गोलंदाज

गोदी-कोठार ठीक, पण लढाई तोफेने होते आणि तुम्ही तिला एका वाक्यात गुंडाळलंत. हिशेब करू.

फ्रेंच ७४ तोफीवर खालच्या मजल्यात ३६ पौंडी (म्हणजे तेवढ्या वजनाचा गोळा टाकणाऱ्या) तोफा २८, वर १८ पौंडी ३०, माथ्यावर ८ पौंडी १६. इंग्रजी जहाजावर ३२ पौंडी २८, १८ पौंडी २८, ९ पौंडी १८. आता फ्रेंच पौंड हा इंग्रजी पौंडापेक्षा जड, साधारण ४९० ग्रॅमचा. त्यामुळे एका बाजूची एक फैर फ्रेंचांची सुमारे ४१० किलो, इंग्रजांची ३५४. म्हणजे कागदावर फ्रेंच दीडपट नाही तरी १५ टक्के वरचढ.

पण ३६ पौंडी गोळा साडेसतरा किलोंचा असतो. हलत्या, धुराने भरलेल्या, पाच फूट उंचीच्या मजल्यावर तो उचलून नळीत घालायचा. इंग्रजांनी पाच मिनिटांत तीन फैरी झाडल्या आणि समोरच्याने दोन, तर १०६२ किलो विरुद्ध ८२० किलो. पारडं उलटलं. १८०५ मध्ये कॉलिंगवुडच्या 'ड्रेडनॉट'वर साडेतीन मिनिटांत तीन फैरी होत असत.

हा वेग कुठून येतो? ओला पुसणा फिरवून आतली ठिणगी विझवायची, दारूची पिशवी सारायची, मग गोळा, वर जुन्या दोराचा बोळा, गजाने ठासायचं, दोर खेचून पावणेतीन टनांची तोफ खिडकीबाहेर काढायची, तोफेच्या कानातून, म्हणजे बत्ती देण्याच्या भोकातून, सळई घालून पिशवी फोडायची, कानात बारीक दारू, नेम आणि बार. यात कागदी पिशवी असेल तर जळके तुकडे आत राहतात, ते दर काही बारांनी खरवडून काढावे लागतात. नाही काढले तर पुढची पिशवी ठासतानाच पेटते आणि ठासणाऱ्याचे हात जातात. चार्ल्स डग्लसने 'ड्यूक'वर फ्लॅनेलच्या पिशव्या आणि चकमकीचे चाप आणले. चापाचा फायदा वेगापेक्षा नेमात जास्त. पलित्याने बत्ती देताना बार व्हायला क्षणभर उशीर होतो, तेवढ्यात जहाज कलतं आणि गोळा शिडांत किंवा पाण्यात जातो. चापाची दोरी ओढणारा तोफेच्या मागे, धक्क्याच्या पल्ल्याबाहेर उभा राहून नळीवरून बघत असतो. १२ एप्रिल १७८२ ला सेंट्स बेटांजवळ हेच जहाज लढत होतं.

आणि फ्रेंच मुद्दाम डोलकाठ्यांवर मारत, हे विसरू नका. ते अडाणीपणाने नव्हे. त्यांना बहुतेक वेळा वाऱ्याच्या खालची बाजू हवी असे. तिथे जहाज शत्रूपासून दूर कलतं, त्यामुळे खालच्या मजल्याच्या खिडक्या पाण्यापासून वर राहतात आणि तोफांची तोंडं आपोआप वर होतात. अंगाशी आलं तर वाऱ्यासोबत निघून जाता येतं. मात्र सगळा धूर त्यांच्याच तोंडावर. त्यांचं धोरणच मोहीम पार पाडून ताफा वाचवण्याचं होतं. इंग्रज लाकडात गोळे घालून माणसं मारत.

बंदरकर

दोघांचंही एक गृहीत मला खटकतं: इंग्रज जिंकणारच होते आणि आपण फक्त कारण शोधायचं. १७८१ बघा. ५ सप्टेंबरला अमेरिकेतल्या चेसापीक खाडीच्या तोंडाशी फ्रेंच द ग्रासकडे २४ जहाजं, इंग्रज ग्रेव्ह्‌जकडे १९. लढाई अर्धवट, एकही जहाज पकडलं गेलं नाही, पण खाडीचं तोंड फ्रेंचांकडे राहिलं आणि १९ ऑक्टोबरला यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसने शरणागती पत्करली. तांडेल, तुमच्या इंग्रज गोदीचं काय झालं होतं? ग्रेव्ह्‌जचं 'टेरिबल' लढाईआधीच पंपांवर जगत होतं. लढाईनंतर ते त्यांनी स्वतःच नष्ट केलं.

१७९४ चंही तेच. १ जूनच्या लढाईत फ्रेंचांची सात जहाजं गेली म्हणून लंडनमध्ये दिवाळी. ज्या अमेरिकी धान्याच्या तांड्यासाठी व्हिलारे-जॉय्यूज बाहेर पडला होता, तो तांडा मात्र सुखरूप ब्रेस्टला पोचला. गोलंदाजांनी सांगितलेलं धोरण इथे यशस्वी झालं म्हणायचं.

माझ्या मते मूळ प्रश्न पैशाचा. १६९० मध्ये बीची हेडला फ्रेंचांनी इंग्रज-डच ताफ्याला मार दिला. त्यानंतर चार वर्षांत बँक ऑफ इंग्लंड उभी राहिली, सरकारला १२ लाख पौंड ८ टक्क्यांनी देऊन. तिथून पुढे इंग्लंड युद्धासाठी स्वस्तात आणि सतत कर्ज काढू शकलं. फ्रान्समध्ये १७५९ च्या अखेरीस राजकोषाने देणी थांबवली. गोदीतल्या सुताराला मजुरी नाही, तागवाल्याचं बिल थकलेलं. मग फ्रेंच मंत्री श्वाझलने शहरांकडून आणि संस्थांकडून वर्गणी काढून जहाजं बांधली. सेंट्सला पकडलं गेलेलं 'व्हिल द पारी' हे नावाप्रमाणे पॅरिस शहराने दिलेलं. ज्या राज्याला पूर्वेकडे मोठी सैन्यं पोसायची आहेत, त्याचं आरमार उरलेल्या पैशांवरच जगणार. ब्रिटन बेट आहे, एवढा साधा फरक.

माणसांचंही सांगतो. फ्रेंचांची मंत्री कोलबेरच्या काळापासूनची नोंदणी पद्धत कागदावर इंग्रजांच्या जबरदस्तीने पकडून नेण्यापेक्षा कितीतरी सुसंस्कृत: किनाऱ्यावरच्या खलाशांची यादी, पाळीपाळीने सेवा. पण यादी जेवढी, तेवढेच खलाशी. १७५५ मध्ये युद्ध जाहीर होण्याआधीच इंग्रजांनी सुमारे ३०० फ्रेंच व्यापारी जहाजं धरली आणि हजारो खलाशी कैदेत टाकले. १७५७ च्या शेवटी कॅनडातल्या लुइसबर्गहून परतलेल्या ताफ्याबरोबर ब्रेस्टमध्ये टायफसच्या तापाची साथ आली. हे नुकसान कुठल्याही सुतारकामाने भरून निघणार नव्हतं.

हवानाचा सुतार

आणि स्पेन? नेहमीप्रमाणे "बाकीचे" म्हणून सोडून दिलंत.

१७४० मध्ये 'प्रिन्सेसा' या स्पॅनिश ७० तोफी जहाजाला पकडायला इंग्रजांची ७० तोफी तीन जहाजं लागली, तीही कित्येक तास झुंजून. इंग्रजांचे डोळे उघडले ते इथे, 'इन्व्हिन्सिबल'च्या सात वर्षं आधी. मग हवानाची गोदी. तिथलं देवदार म्हणतात ते लाकूड आणि महोगनी किडीला दाद देत नाही, लवकर कुजत नाही, गोळा लागल्यावर ओकसारख्या लांब ढलप्याही उडत नाहीत. लढाईत माणसं जायबंदी व्हायची ती बहुतांशी या ढलप्यांनी. 'सांतिसिमा त्रिनिदाद' १७६९ मध्ये हवानात पाण्यात गेलं आणि १८०५ मध्ये ट्रफाल्गारच्या लढाईत ३६ वर्षांचं असूनही लढाईच्या रांगेत होतं. त्याच्यावर नंतर चौथा तोफमजला चढवला, तो मूर्खपणा होता हे मान्य. वरचं वजन वाढलं, जहाज आळशी झालं.

स्पेनचं दुखणं एकच, खलाशी. १४ फेब्रुवारी १७९७ ला सेंट व्हिन्सेंट भूशिरापाशी स्पेनच्या कॉर्दोबाकडे २७ जहाजं, इंग्रज जर्व्हिसकडे १५. स्पेनची चार गेली. ७४ तोफीला इंग्रज सहाशेच्या आसपास माणसं देत, फ्रेंच सातशेच्या आसपास. तेवढी डोकी स्पेनलाही मिळत, पण त्यात पायदळाचे शिपाई आणि रस्त्यावरून उचललेले लोक भरलेले. परबाणावर, म्हणजे शिडाच्या आडव्या काठीवर, चढून वादळात शीड गुंडाळता येणारे मूठभर. त्यात १८०० आणि १८०४ मध्ये कादिसच्या किनारपट्टीवर पिवळ्या तापाची साथ. तोफ चालवायला सात माणसांत एक जाणता पुरतो, बाकी ओढणारे चालतात. डोलकाठीवर तसं चालत नाही.

खाडीकाठ

डचांचं नाव येईपर्यंत थांबलो होतो. थोडक्यात सांगतो, कारण त्यांचं वैभव या धाग्याच्या काळाआधीचं. जून १६६७ मध्ये मेडवे नदीत शिरून 'रॉयल चार्ल्स' ओढून नेणारे हेच. त्यांचं नशीब त्यांच्या वाळूने बांधलं. बंदरांच्या तोंडाशी पाणी उथळ, म्हणून जहाजाचं बूड सपाट आणि कमी खोल. असं जहाज वाऱ्याच्या तिरकस चालताना बाजूला घसरतं आणि जड तोफा पेलत नाही. पुढे अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या वाळूच्या पट्ट्यावरून मोठी जहाजं काढायला दोन्ही बाजूंना पाणी भरलेल्या लाकडी पेट्या बांधत, मग पाणी उपसत, म्हणजे जहाज वर उचललं जाई. शिवाय पाच वेगवेगळी आरमार-मंडळं, प्रत्येकाचा खजिना वेगळा. त्यांच्या बाबतीत आराखडा आणि भूगोल वेगळे करताच येत नाहीत, त्यामुळे "आराखड्याने काही ठरत नाही" हे तांडेल यांचं वाक्य इथे टिकत नाही.

तांडेल

डचांपुरतं मान्य करतो, म्हणूनच १७४० पासूनचं म्हटलं होतं. बंदरकर, १७८१ चा दाखला चांगला आहे, पण त्याहून चांगला आपल्या किनाऱ्यावर आहे. फ्रेंच सुफ्रेन विरुद्ध इंग्रज ह्यूज. दोन वर्षांत पाच लढाया: साद्रस (१७ फेब्रुवारी १७८२), प्रोव्हिडियन (१२ एप्रिल), नागपट्टण (६ जुलै), त्रिंकोमाली (३ सप्टेंबर) आणि कडलूर (२० जून १७८३). माणसं तीच, सेनापती तेच, समुद्र तोच. एकाही लढाईत रांगेतलं, म्हणजे लढाईच्या रांगेत उभं राहणारं मोठं, एकही जहाज कुणी पकडलं नाही. यापेक्षा स्वच्छ प्रयोग इतिहास देत नाही.

सुफ्रेन हा त्या वेळचा सर्वांत हल्लेखोर फ्रेंच दर्यासारंग. ऑगस्टच्या शेवटी त्याने त्रिंकोमालीही घेतलं. ते उत्तम बंदर, पण बंदर म्हणजे गोदी नव्हे. तिथे डोलकाठ्या नाहीत, दोर नाहीत, जहाज कोरडं करून तळ बघायची सोय नाही. मोडलेल्या डोलकाठीच्या जागी लहान जहाजांच्या काठ्या काढून लावायच्या. मॉरिशसचं पोर्ट लुई चार हजार किलोमीटरहून लांब. सप्टेंबर-ऑक्टोबरात 'ओरियाँ' आणि 'बिझार' ही दोन जहाजं खडकावर आणि किनाऱ्यावर आपटून गेली. पाच लढायांत मिळून इंग्रजांनी केलं नाही इतकं नुकसान महिन्याभरात झालं.

ऑक्टोबरात कोरोमंडलवर ईशान्य मोसमी वारा सुरू होतो आणि तो किनारा उघडा. ह्यूज मद्रासहून निघून मुंबईला आला. इथे १७५० पासून सुकी गोदी होती, सागवान होतं, जहाजं बांधणारे वाडिया होते. सुफ्रेन सुमात्राच्या अच्याला गेला, जिथे गोडं पाणी आणि फळफळावळ यापलीकडे फारसं काही नव्हतं.

बंदरकर

प्रयोग स्वच्छ असेल तर निकालही स्वच्छ वाचा. मुंबईच्या गोदीत हिवाळा काढून आलेल्या ह्यूजकडे कडलूरला १८ जहाजं होती, सुफ्रेनकडे १५. तरीही मागे हटला तो ह्यूज. पाणी संपत आलेलं, हजाराहून अधिक माणसं स्कर्व्हीने (ताज्या फळभाज्यांअभावी होणाऱ्या रोगाने) आडवी. लिंडने लिंबाचा प्रयोग १७४७ मध्ये केला. इंग्रज आरमाराने लिंबाचा रस सर्रास द्यायला १७९५ उजाडलं. कोठाराचं एवढं कौतुक करायचं, तर हे अर्धशतकही त्याच हिशेबात धरा.

सुफ्रेनचं खरं नुकसान त्याच्याच कप्तानांनी केलं. साद्रसला आणि त्रिंकोमालीला निम्मे मागे रेंगाळले. त्यातल्या काहींना त्याने घरी पाठवलं.

तांबट

मागे रेंगाळण्याला आणखी एक कारण होतं. सुफ्रेनच्या काही जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा होता, काहींच्या नव्हता. उष्ण समुद्रात उघड्या तळावर काही महिन्यांत शेवाळ आणि शिंपल्यांचा थर बसतो, किडा लाकूड पोखरतो. मग एकाच वाऱ्यात एक जहाज पुढे पळतं, दुसरं रखडतं. कप्तान कामचुकार की तळ घाणेरडा, हे दुरून ओळखणं कठीण. (काही कप्तान नक्कीच कामचुकार होते, वाद नको.)

या तांब्याची हकिकत तांडेल यांच्या बाजूची आहे आणि त्यांच्या विरुद्धही. इंग्रजांनी १७६१ मध्ये 'अलार्म' या फ्रिगेटवर (रांगेतल्या जहाजापेक्षा लहान, वेगवान लढाऊ जहाजावर) प्रयोग केला. किडा थांबला, तळ स्वच्छ राहिला. पण जिथे तांब्याला लोखंडी खिळा टेकत होता तिथे खिळ्याची लापशी झाली. एक गोष्ट मात्र ध्यानात आली: पत्र्याला लागून आलेला तपकिरी कागद जिथे शाबूत राहिला होता, तिथला खिळाही शाबूत होता. १७७९ पासून इंग्रज आरमाराचा कारभारी मिडल्टनने हाच धागा पकडून पत्र्याखाली कागद घालून अख्खं आरमार मढवायला घेतलं. तीन-चार वर्षांत जवळपास सगळी जहाजं झाली. वेग वाढला, गोदीच्या फेऱ्या कमी झाल्या.

पण कागद कायम पाणबंद राहत नाही. खारं पाणी आत झिरपतं, तांबं आणि लोखंड यांची विद्युत-घटासारखी जोडी जमते आणि कण्यातले मोठे लोखंडी बोल्ट आतल्या आत झिजतात. बाहेरून पत्रा चकचकीत, त्यामुळे गोदीवाल्यालाही दिसत नाही. सप्टेंबर १७८२ च्या अटलांटिक वादळात 'रॅमिलीज', 'सेंटॉर' आणि पकडलेलं 'व्हिल द पारी' गेली, तेव्हा बोट या बोल्टांकडेही दाखवलं गेलं. उपाय म्हणून पाण्याखालचे सगळे बोल्ट तांब्याचे करायचे ठरलं. साधं तांबं मऊ, घणाने ठोकताना वाकतं. म्हणून खाचेच्या रुळांतून काढून कठीण केलेले बोल्ट आले. १७८० च्या दशकाच्या मध्यापासून हे चालू झालं. तांब्याच्या खाणी, गिरण्या आणि रोकड, तिन्ही एकाच देशात होते, हे इथे कामी आलं. म्हणजे बंदरकर यांचा पैसाही आलाच.

मुंबईचं म्हणाल तर सागवानाचा एक गुण सांगतो. ओकमधल्या आम्लाने लोखंड गंजतं, सागातल्या तेलाने ते टिकतं. १८१७ मध्ये जमशेटजी बमनजी वाडियांच्या हाताखाली मुंबईत बांधलेली 'त्रिंकोमाली' ही फ्रिगेट आजही हार्टलपूलला तरंगते आहे. तिचा आराखडा 'हेबे' या फ्रेंच फ्रिगेटवरून घेतलेला, काढणारा साने. 'हेबे' इंग्रजांनी सप्टेंबर १७८२ मध्ये पकडली होती.

गोलंदाज

आणि 'हेबे' पकडली कशाने? 'रेनबो'वरच्या कॅरोनेड नावाच्या आखूड, हलक्या तोफांनी. पुढच्या बाजूने आलेला ३२ पौंडी गोळा बघून फ्रेंच कप्तानाला वाटलं समोर रांगेतलं मोठं जहाज आहे, आणि त्याने लवकरच झेंडा उतरवला. ३२ पौंडी लांब तोफ २.८ टन, तेवढ्याच गोळ्याची कॅरोनेड ०.९ टनाहून कमी. पल्ला आखूड, पण जवळ गेलात तर माथ्यावरच्या मजल्यावरूनही भिंती फोडता येतात.

तांडेल म्हणतील, सरावाला समुद्र लागतो आणि समुद्र वेढा घालणाऱ्यालाच मिळतो. अर्धं खरं. ठासणं, ओढणं, नेम धरण्याची कवायत ब्रेस्टमध्ये नांगरावरही होते. कलत्या जहाजावर दोरी कधी ओढायची, तेवढं होत नाही. ट्रफाल्गारच्या सकाळी पश्चिमेची लाट मोठी होती आणि फ्रेंच-स्पॅनिश रांग तिच्यात आडवी डोलत होती. नेल्सनची रांग समोरून सरळ येत असताना, उत्तर देता येत नसताना, तिला तेवढा वेळ मिळूनही थांबवता आली नाही. त्या दिवशी फ्रेंच-स्पॅनिश रांगेतल्या त्या ३३ जहाजांमध्ये महोगनी, ओक दोन्ही होतं. क्रांतीच्या धामधुमीत मोडलेलं जुनं आरमारी तोफदळ मात्र फ्रान्सला पुन्हा तसं उभं करता आलं नव्हतं. तांडेल, हे कुठल्या कोठारात मोजणार?

तांडेल

माणसांच्या कोठारात. १६५३ पासून १७९७ पर्यंत इंग्रज खलाशाचा पगार चांद्रमासाला २४ शिलिंगवर अडकलेला होता, तो वाढला स्पिटहेडला खलाशांनी केलेल्या बंडानंतर. त्या पगारात हे तोफची इंग्रजांकडे टिकले कसे, ते तुम्ही सांगा. मला पकडून नेणं आणि वर्षानुवर्षं किनाऱ्यावर पाय न ठेवू देणं, एवढंच उत्तर दिसतं.